दावा फेटाळला म्हणून भरपाईचा हक्क संपत नाही

सरकारविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा कोर्टाने फेटाळला की आपल्याकडे पुढचे सगळे ठरल्यासारखे घडते. ज्याचा दावा होता तो खचून घरी बसतो. गावातले प्रस्थापित चावडीवर हसतात. कार्यकर्ते न्यायव्यवस्थेचा निषेध करणारे निवेदन तहसीलदारांना देतात, त्याचा फोटो छापून येतो आणि प्रकरण तिथेच मिटते. निकालाची नक्कल कोणी काढत नाही. अपिलाची मुदत मात्र फोटोसाठी थांबत नाही. ती निकालाच्या दिवसापासून चालू झालेली असते.

मुरुडसारख्या गावातून लातूरच्या कोर्टात ये-जा करताना आम्हाला हे वारंवार दिसते. निकाल विरोधात गेला म्हणजे हक्कच नव्हता, असे आपली माणसे समजून बसतात. हा समज चुकीचा तर आहेच, पण घातकही आहे. या देशात सरकारला भरपाई द्यायला लावणारा कायदा मुख्यतः हरलेल्या आणि झिडकारलेल्या लोकांनी वरच्या कोर्टाचे दार ठोठावले म्हणून उभा राहिला आहे. म्हणून आज या विषयावर चळवळीतील बांधवांशी थोडे सविस्तर बोलायचे आहे.

मदत वेगळी, भरपाई वेगळी

प्रथम एक फरक समजून घेतला पाहिजे. अत्याचार झाला, कोणी पोलीस कोठडीत मेले, वस्ती जळाली की मंत्री येतात आणि मदत जाहीर करतात. ही मदत सरकारच्या मर्जीवर असते. तिच्यात चूक कबूल केलेली नसते. नुकसानभरपाई ही वेगळी गोष्ट आहे. तुमच्या माणसांनी आमचा हक्क मोडला, त्याची किंमत तुम्ही मोजा, असे न्यायालयाने सरकारला सांगणे म्हणजे भरपाई. पहिलीत हात पसरावा लागतो, दुसरीत हिशेब मागता येतो.

अॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांनुसार मिळणारे अर्थसाहाय्य हे मंत्र्याच्या घोषणेसारखे मर्जीचे नाही, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर गुन्ह्याच्या प्रकारानुसार ही रक्कम ८५ हजारांपासून सव्वाआठ लाख रुपयांपर्यंत आहे. आरोपीला शिक्षा होईपर्यंत त्यासाठी थांबावे लागत नाही. पण याच नियमांतील १२ व्या नियमाचे ५ वे पोटकलम किती जणांनी वाचले आहे? हे साहाय्य इतर कोणत्याही कायद्याखाली भरपाई मागण्याच्या हक्काशिवाय जादा आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. समाजकल्याणचा चेक घेतला म्हणजे दावा करता येत नाही, असे कोणी सांगत असेल तर तो अडाणी आहे किंवा लबाड आहे.

या हक्काची व्याप्ती किती मोठी आहे ते नागपूरच्या एका प्रकरणाने दाखवले. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेल्या दोन दलित संशोधकांचे लॅपटॉप आणि वर्षानुवर्षे गोळा केलेली संशोधनाची माहिती त्यांच्या भाड्याच्या घरातून नाहीशी झाली. त्यांनी त्या माहितीचीही भरपाई मागितली. माहितीची कसली भरपाई, हा प्रशासनाचा सूर होता. ते नागपूर खंडपीठात गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये खंडपीठाने सांगितले की अॅट्रॉसिटी कायद्यातील मालमत्ता या शब्दात बौद्धिक मालमत्ताही येते. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथेही हरले. नकार ऐकून ते दोघे परत फिरले असते तर हा कायदा झालाच नसता.

दावे कशामुळे पडतात?

अत्याचार झालाच नाही असे कोर्टाला वाटले म्हणून असे दावे पडतात, असा आपला समज असतो. अनेकदा तसे नसते. खरे-खोटे तपासण्याची वेळच येत नाही. दावा वाटेतल्या तीन भिंतींपैकी एकीवर आपटतो.

पहिली भिंत सार्वभौम कार्याची. संविधानाच्या ३०० व्या कलमानुसार सरकारवर दावा करता येतो, पण त्या कलमाची मुळे कंपनी सरकारच्या काळात आहेत. १८६१ मध्ये कलकत्त्याच्या न्यायालयाने व्यापारी कामे आणि राजसत्तेची कामे असा भेद केला. तो खटला एका जहाज कंपनीच्या घोड्याचा होता. सरकारी गोदीतील मजुरांमुळे घोडा जखमी झाला आणि कंपनीला भरपाई मिळाली. घोड्याला भरपाई मिळाली, पण पोलिसांच्या हातून माणसाचे नुकसान झाले तर ते राजसत्तेचे काम म्हणून सुटावे, अशी पळवाट त्याच भेदातून निघाली. स्वातंत्र्यानंतरही तिने काम केले. कस्तुरीलाल खटल्यात मीरतच्या पोलिसांनी एका सराफाकडून जप्त केलेले सोने हेड कॉन्स्टेबलने लांबवले आणि तो पाकिस्तानात पळाला. तरीही सर्वोच्च न्यायालयाने सराफाचा दावा मान्य केला नाही. तो निकाल सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्या पीठाचा, १९६५ च्या अहवालांत छापलेला. मात्र कायदेमंडळाने यावर कायदा करावा, असेही त्याच निकालात सुचवले होते. विधी आयोगाने तर १९५६ मधील आपल्या पहिल्याच अहवालात हे सांगितले होते. तो कायदा आजही झालेला नाही.

दुसरी भिंत मुदतीची. मुदतीच्या १९६३ च्या कायद्यात कायद्यान्वये केल्याचे भासवलेल्या कृत्याबद्दल भरपाई मागायला ७२ व्या अनुच्छेदाखाली फक्त एक वर्ष मिळते. जिथे वेगळी तरतूद नाही तिथे ११३ व्या अनुच्छेदाखाली तीन वर्षे मिळतात. १९५१ च्या पोलीस कायद्याचे १६१ वे कलम तर अधिकाराचा वापर किंवा अतिरेक करून पोलिसाने केलेल्या कृत्याबद्दल सहा महिन्यांची मर्यादा घालते. ज्या घरातला कर्ता मुलगा गेला आहे, ज्याचे साक्षीदार गाव सोडून पळाले आहेत, त्याने सहा महिन्यांत दावा तयार ठेवायचा!

तिसरी भिंत चुकीच्या दाराची. उच्च न्यायालयात रिट केली की सरकारी वकील म्हणतात, घटना वादग्रस्त आहेत, दिवाणी कोर्टात जा. दिवाणी कोर्टात गेले की तेच सरकार म्हणते, मुदत संपली. त्यातच दिवाणी दाव्याआधी कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस दिली नसेल तर दावा तिथेच अडतो. एका दारातून दुसऱ्या दारात ढकलताना माणूस थकून जावा, हाच या व्यवस्थेचा हिशेब असतो.

अपिलात उभा राहिलेला कायदा

आता या भिंतींना भगदाडे कोणी पाडली ते पाहू. रुदुल साह हा बिहारचा कैदी १९६८ मध्ये निर्दोष सुटला, पण तुरुंगाबाहेर आला १९८२ मध्ये. निर्दोष ठरल्यावर चौदा वर्षे कैद! १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने रिट अधिकारातच सरकारला भरपाई द्यायला लावली आणि याखेरीज दिवाणी दावा करण्याचा त्याचा हक्कही शाबूत ठेवला. १९८७ मध्ये ओरिसात पोलिसांनी नेलेला बावीस वर्षांचा सुमन बेहरा दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळावर मृत सापडला. त्याच्या आईने, नीलाबती बेहरा यांनी, सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. तेच पत्र याचिका झाले. १९९३ मध्ये न्यायालयाने दीड लाख रुपये मंजूर केले आणि मूलभूत हक्क मोडला असेल तर सरकारला सार्वभौम कार्याची ढाल पुढे करता येणार नाही, असे ठरवले. डिसेंबर १९९६ मधील डी. के. बसू निकालाने अटकेचे नियम घालून देताना हीच भूमिका पक्की केली.

पण आमच्या आजच्या विषयाला सर्वात जवळचा निकाल आंध्र प्रदेशातला आहे. कर्नूल जिल्ह्यातील कोइलकुंटला येथील उपकारागृहात एक बाप आणि त्याचा मुलगा कैदेत होते. आपल्या जिवाला धोका आहे हे त्यांनी आधी कळवले होते. मे १९७७ मधील एका रात्री हल्लेखोरांनी तुरुंगात शिरून बॉम्ब फेकले. बाप मेला, मुलगा जखमी झाला. सरकारच्या निष्काळजीपणाबद्दल दहा लाखांचा दावा झाला. खालच्या कोर्टाने तो मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळला. आपल्याकडे प्रकरण इथेच संपले असते. ते लोक अपिलात गेले. उच्च न्यायालयाने सांगितले की इथे एक वर्षाचा नव्हे तर तीन वर्षांचा अनुच्छेद लागू होतो, आणि जगण्याचा हक्क मोडला असताना सार्वभौम कार्याचा बचाव टिकत नाही. एक लाख ४४ हजार रुपयांचा हुकूमनामा झाला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २००० मध्ये तिथेही हरले. आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध चल्ला रामकृष्ण रेड्डी हे त्या निकालाचे नाव. तरुण वकिलांनी ते वहीत लिहून ठेवावे. पहिल्या दोन भिंती या एका अपिलाने पार केल्या आहेत.

ते पक्षकार आपल्या समाजाचे नव्हते. पण कायदा झाला तो सर्वांसाठी. तो वापरायचा की नाही हे आपण ठरवायचे आहे.

परभणीने काय शिकवले?

लांब कशाला जायचे? आपल्या मराठवाड्यातले उदाहरण ताजे आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर पोलिसांनी वस्त्यांत शिरून धरपकड केली. कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातील तरुण त्यात पकडला गेला आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. सरकारने दहा लाखांची मदत जाहीर केली. कुटुंबाने ती नाकारली. त्याची आई औरंगाबाद खंडपीठात गेली आणि अॅड. प्रकाश आंबेडकर यांनी बाजू मांडली. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला.

पुढे जे झाले ते नीट पाहा. हा आदेश नुसता गुन्हा नोंदवण्याचा होता. शिक्षा झाली नव्हती, भरपाई ठरली नव्हती. तरीही राज्य सरकार त्याविरुद्ध थेट दिल्लीला धावले! ३० जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची याचिका फेटाळली. आमचा प्रश्न साधा आहे. साध्या एफआयआरविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील करते, संशोधकांच्या लॅपटॉपमधल्या माहितीसाठी अपील करते, तर आयुष्य उद्ध्वस्त झालेला माणूस पहिल्याच निकालाला अंतिम निकाल का मानतो? सरकारकडे पगारी वकील आहेत आणि खर्च आपल्याच कराच्या पैशातून होतो, हे खरे. पण सरकारकडे आणखी एक गोष्ट आहे. हरल्यावर कागद पुढे पाठवण्याची सवय. ती सवय आपल्याला का लागू नये?

टल्साची शंभर वर्षे

अपील केले की जिंकतोच, असे आम्ही म्हणणार नाही. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहराची गोष्ट यासाठी मुद्दाम सांगतो. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय नेते डू बॉईस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याशी आपले नाते सांगितले होते. ते नाते इथेही उपयोगी पडते.

३१ मे आणि १ जून १९२१ रोजी गोऱ्या जमावाने टल्सातील ग्रीनवूड ही काळ्यांची भरभराटलेली वस्ती जाळली. जमावातील अनेकांना अधिकाऱ्यांनीच पोलिसी अधिकार बहाल केले होते. पस्तीस गल्ल्या खाक झाल्या, हजाराहून अधिक घरे जळाली. मृतांचा आकडा तीनशेपर्यंत असावा, असा अंदाज आहे. त्यावर कडी म्हणजे जळालेल्या जागी पुन्हा घरे बांधता येऊ नयेत असा नियम नगरपालिकेने केला. बी. सी. फ्रँकलिन या काळ्या वकिलाने तंबूत कार्यालय थाटून तो नियम कोर्टात हाणून पाडला.

भरपाई मात्र मिळाली नाही. २००३ मध्ये वाचलेल्या वृद्धांनी दावा केला, तो मुदतीवर फेटाळला गेला. अपील फेटाळले गेले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऐकण्यासही नकार दिला. २०२० मध्ये वकिलांनी नव्या आधारावर, सार्वजनिक उपद्रव चालू आहे असे म्हणत, शहर, परगणा आणि राज्याच्या लष्करी खात्यासह अनेक सरकारी यंत्रणांवर पुन्हा दावा लावला. २०२३ मध्ये तो फेटाळला गेला. पुन्हा अपील झाले. जून २०२४ मध्ये ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळणीच कायम केली. तेव्हा दोनच वादी हयात होत्या आणि दोघींनीही शंभरी ओलांडलेली होती. त्यांपैकी व्हायोला फ्लेचर नोव्हेंबर २०२५ मध्ये १११ व्या वर्षी वारल्या.

मग हे सारे व्यर्थ गेले काय? नाही. दावे आणि अपिले चालू राहिली म्हणून जी गोष्ट शाळेच्या पुस्तकात नव्हती ती जगाला कळली. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय न्याय खात्याला त्या हत्याकांडाचा अहवाल द्यावा लागला. जून २०२५ मध्ये शहराच्या पहिल्या काळ्या महापौरांनी साडेदहा कोटी डॉलरच्या खासगी विश्वस्त निधीची योजना जाहीर केली. ती कोर्टाने दिलेली भरपाई नव्हे, हे आम्ही विसरत नाही. पण अपिलाचा कागद जिवंत राहिला म्हणून तो प्रश्न जिवंत राहिला.

अठ्ठ्याहत्तरचे काय?

टल्सा वाचताना मराठवाड्याच्या माणसाला १९७८ आठवल्याशिवाय राहत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि गावोगाव आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांच्यासारखे लोक मारले गेले. जे वाचले ते रानात, नातेवाइकांकडे, शहरांतल्या झोपडपट्टीत गेले. कायद्याच्या हिशेबाने त्यांची मुदत घर जळाले त्या दिवशी सुरू झाली आणि फार तर १९८१ मध्ये संपली. कोर्टात उभे राहण्याचे धैर्य ज्या दिवशी आले, त्या दिवसापासून कायदा मुदत मोजत नाही. नामांतर झाले ते १४ जानेवारी १९९४ रोजी. विद्यापीठाला नाव मिळाले. ज्यांची घरे गेली त्यांच्या हिशेबाची वही उघडीच राहिली.

आज त्या घरांसाठी नवा दिवाणी दावा लावला तर तो मुदतीवर पडेल, हे आम्ही स्पष्ट सांगतो. खोटी आशा दाखवणे हा चळवळीशी द्रोह आहे. पण ज्या गोष्टीला कोर्टात मुदत आहे तिला विधिमंडळात मुदत नाही. ओक्लाहोमाने ऐंशी वर्षांनी, २००१ मध्ये, चौकशी आयोगाचा अहवाल घेतला. महाराष्ट्राने १९७८ च्या जळितांची गाववार नोंद करून हयात पीडितांना आणि वारसांना विशेष कायद्याने भरपाई द्यावी, ही मागणी आजही करता येते. हयात साक्षीदार आता साठी-सत्तरीत किंवा त्यापुढे आहेत. त्यांचे जबाब आज घेतले नाहीत तर ती नोंद त्यांच्याबरोबरच जाईल.

आता करायचे काय?

पुढचे अत्याचार तरी मुदतीच्या भिंतीवर आपटू नयेत, यासाठी काही गोष्टी प्रत्येक शाखेने लक्षात ठेवाव्यात.

घटना घडली त्या दिवसापासून कागद जमवा. एफआयआर, शवविच्छेदन अहवाल, पंचनामा, दवाखान्याची चिठ्ठी, जळालेल्या घराचे फोटो, तलाठ्याचा दाखला. मोर्चा दुसऱ्या दिवशी काढला तरी चालेल, पण पंचनाम्याची प्रत त्याच आठवड्यात हातात हवी. पोलिसांवर दावा असेल तर सहा महिन्यांची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि कलम ८० ची नोटीस वेळेत द्या. नोटिशीचे दोन महिने मुदतीतून वजा होतात.

उच्च न्यायालय दिवाणी कोर्टात जा म्हणाले तर तशी मुभा आदेशातच नोंदवून घ्या. चुकीच्या दारात प्रामाणिकपणे गेलेला काळ मुदतीच्या कायद्याच्या १४ व्या कलमाखाली वगळून मागता येतो. तिसऱ्या भिंतीवरचा उपाय हाच आहे.

दावा फेटाळला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज करा. जिल्हा न्यायालयात अपिलाला तीस दिवस आणि उच्च न्यायालयात नव्वद दिवस असतात. नक्कल मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज करता येतो. हे नीट लक्षात घ्या : दावा दाखल करायला झालेला उशीर ५ व्या कलमाखाली माफ होत नाही, अपिलाचा उशीर सबळ कारण दाखवल्यास माफ होऊ शकतो. म्हणजे कायदा अपिलाकडे थोडा अधिक सवलतीने पाहतो आणि आपण मात्र अपिलालाच पाठ फिरवतो.

पैशाचे कारणही पुरेसे नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या १२ व्या कलमानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. नादार म्हणून दावा आणि अपील करण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. मुरुडहून खंडपीठ अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर आहे हे खरे, आणि गरीब माणसाला ते दिल्लीइतकेच लांब वाटते हेही खरे. ते अंतर कापायला एकट्याला सोडायचे की त्याच्याबरोबर कोणी जायचे, हा संघटनेचा प्रश्न आहे. जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा प्रत्येक तालुक्याने अपील निधी म्हणून बाजूला ठेवला तर डीजेचा आवाज थोडा कमी होईल, पण कोर्टातला आपला आवाज वाढेल.

सरकारकडे आपली मागणी दोन गोष्टींची असली पाहिजे. विधी आयोगाने १९५६ मध्ये सुचवलेला राज्याच्या उत्तरदायित्वाचा कायदा आता तरी करा. आणि कोठडीतील मृत्यू व जातीय अत्याचार यांच्या भरपाईला सहा महिन्यांची आणि वर्षाची मुदत लावू नका.

मुरुडपासून जवळच असलेल्या कसबे तडवळ्याला फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब महार-मांग वतनदारांच्या परिषदेला आले होते. वतनाचा प्रश्न त्यांनी १९२८ मध्येच मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक मांडून हाती घेतला होता. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. म्हणून त्यांनी प्रश्न सोडला नाही. तेरा वर्षांनी ते त्याच प्रश्नासाठी आपल्या भागात उभे होते. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी पहिल्या निकालाला शेवटचा निकाल म्हणू नये. ज्यांच्या घरी फेटाळलेल्या दाव्याचा कागद पडून असेल त्यांनी तो आजच बाहेर काढावा, त्यावरची तारीख पाहावी आणि जवळच्या आंबेडकरी वकिलाकडे जावे.

जय भीम!